घासलेली पण देखणी: झिजलेल्या रोमन नाण्यांचा धागा

ऱ्हाइनकाठी

मंडळी, रोमन नाणी जमवणारे इथे चार-दोन तरी आहेत हे मागच्या काही धाग्यांवरून कळलंय. पण चर्चा नेहमी लिलावाच्या कॅटलॉगातल्या चकाचक नाण्यांकडे जाते. मला बोलायचंय ते घासलेल्या नाण्यांबद्दल. खरवडलेली, ॲसिडनं खाल्लेली, भोक पाडलेली नव्हेत. असंख्य हातांतून फिरून झिजलेली आणि तरी बघत राहावंसं वाटणारी.

माझ्या लाडक्या नाण्यापासून सुरू करतो. रोमन सेनापती मार्क अँटनीचा लीजनरी डिनारियस, म्हणजे त्याच्या लीजनांसाठी (रोमन पलटणींसाठी) पाडलेलं चांदीचं नाणं. इ.स.पू. ३२-३१ मध्ये, प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियनशी (पुढचा सम्राट ऑगस्टस) शेवटची गाठ पडायच्या आधी, सैन्याचा आणि आरमाराचा पगार भागवायला अँटनीनं ही नाणी ढिगानं पाडली. एका बाजूला वल्ह्यांची युद्धनौका. दुसऱ्या बाजूला लीजनचा गरुड, त्याच्या दोन्ही अंगांना ध्वजदंड आणि खाली लीजनचा क्रमांक. अँटनीचा चेहरा नाही, क्लिओपात्राचाही नाही. ज्याला पगार मिळणार त्याच्या पलटणीचा नंबर! २ सप्टेंबर ३१ ला ॲक्टियमची लढाई झाली, अँटनी हरला, त्याच्या पलटणी ऑक्टेव्हियनकडे गेल्या. नाणी मात्र चालूच राहिली.

किती काळ, तिथेच खरी गंमत आहे. या चांदीत त्या काळच्या इतर डिनारियसपेक्षा हीण थोडं जास्त होतं. रोमन लेखक थोरला प्लिनी तर लिहितो की अँटनीनं डिनारियसमध्ये लोखंड मिसळलं. भेसळ प्रत्यक्षात तांब्याची आहे, पण बदनामी किती टिकली बघा, प्लिनी अँटनीनंतर शंभर वर्षांनी लिहितोय. अशा नाण्याचं लोक काय करतात? चोख नाणं घरात ठेवतात आणि हे पुढच्याच्या हातात सरकवतात. मग इ.स. ६४ च्या सुमाराला नीरोनं डिनारियसचं वजन ३.९ ग्रॅमच्या आसपासवरून ३.४ वर आणलं, कसही उतरवला. त्याबरोबर जुनी चोख चांदी बाजारातून दिसेनाशी होऊ लागली. पुढे सम्राट ट्रेजननं झिजलेली नाणी गोळा करून वितळवल्याचं इतिहासकार डिओ कॅसियसनं नोंदवलंय. अँटनीची नाणी या सगळ्यातून तरली, कारण ती वितळवून हाती फारसं काही लागणार नव्हतं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला पुरलेल्या साठ्यांतही ती सापडतात. म्हणजे पाडल्यावर दोनशेहून जास्त वर्षं बाजारात! म्हणून लीजनरी डिनारियस सहसा झिजलेलाच मिळतो, आणि त्याच्या बाबतीत झीज हा दोष धरणं मला पटत नाही. कोरं करकरीत लीजनरी म्हणजे पगार झाल्या झाल्या कुणीतरी पुरलेलं नाणं. झिजलेलं नाणं त्या दोनशे वर्षांच्या व्यवहारात होतं.

आता देखणेपणाचं. नाणं झिजतं तेव्हा सगळ्यात उंच भाग आधी जातो. सम्राटाच्या डोक्यावर कानावरचे केस, लॉरेलची पानं, गालाचं हाड. पण कपाळ, नाक, हनुवटी यांची बाहेरची रेघ फार काळ टिकते, आणि रोमन चित्रण त्या रेघेवरच उभं आहे. व्हेस्पेशियनची जाड मान, नर्व्हाचं बाकदार नाक, हेड्रियनची दाढी पार गुळगुळीत नाण्यावरही ओळखू येते. चांदी असेल तर खोलगट जागी काळसर छटा बसते आणि उंच भाग करडा-पांढरा राहतो, त्यामुळे छाप उलट उठून दिसते. मी पाहतो ते एवढंच: झीज सगळीकडे सारखी आहे का, आकृती पूर्ण आहे का, पृष्ठभागावर खड्डे नाहीत ना. मुद्रालेख अर्धा गेला असेल तर माझी हरकत नसते.

तुमच्याकडे काय काय आहे? फोटो टाका, नाहीतर वर्णन करा.

भूछत्र

भारी धागा! वाखुसा (वाचनखूण साठवली). फोटो दिसत नाहीयेत हो.

सराफकट्टा

लेख सुरेख आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. घासलेली नाणी घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण स्वस्त मिळतात म्हणून घेतात आणि मग त्याला तत्त्वज्ञान चिकटवतात. दहा घासलेल्या नाण्यांच्या पैशात एक खणखणीत नाणं येतं. विकायला काढाल तेव्हा त्या एकाला गिऱ्हाईक मिळेल आणि दहांना नाही. शिवाय छाप कोरणाऱ्या कारागिराचं काम बघायचं असेल तर ते नीट दिसायला नको का? पहिल्या शतकातले रोमचे काही साचे कोरणारे खरोखर मोठे कलावंत होते. त्यांचं निम्मं काम पुसून गेल्यावर आपण कशाचं कौतुक करतोय?

ऱ्हाइनकाठी

@सराफकट्टा, स्वस्त मिळतात हे खरंच आहे, लपवत नाही. पण तुमचा मुद्दा सगळ्या नाण्यांना सारखा लागू होत नाही. नीरोचा सेस्टर्शियस (मोठं पितळी नाणं) घ्यायचा तर मीही थांबून चांगला घेईन, कारण तिथे कोरीवकाम हेच आकर्षण. लीजनरी डिनारियसचे साचे बरेचसे घाईत कोरलेले आहेत, नौका कधी कधी बालवाडीतल्या चित्रासारखी येते. तिथे कारागिरी शोधण्यापेक्षा त्या नाण्यानं काय पाहिलं ते जास्त. आणि विकण्याचं म्हणाल तर, लीजनरीला घासलेल्या अवस्थेतही गिऱ्हाईक कायम असतं. नंबर वाचता आला की झालं, लोक एकेक लीजन जमवत बसतात.

नंबरवरून आठवलं. नव्या मंडळींनी एक लक्षात ठेवा: पहिल्या लीजनचं नाणं अतिशय दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकली प्रती मुबलक आहेत. २३ च्या पुढचे आकडे दिसले की दुप्पट सावध व्हा.

यॉर्कशायरी_पुणेकर

आमच्याकडे इंग्लंडमध्ये शेतांत डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना जी नाणी मिळतात त्यातली नव्वद टक्के तुमच्या या धाग्यातली, फक्त देखणी नव्हेत. चौथ्या शतकातली छोटी तांब्याची नाणी, नांगर आणि खतानं खाल्लेली. त्यामुळे ‘झिजलेलं’ आणि ‘सडलेलं’ यात फरक करा हा मुद्दा एकदम मान्य. हातानं झिजलेलं नाणं गुळगुळीत लागतं. जमिनीनं खाल्लेलं खरखरीत लागतं, अंगठा फिरवला की कळतं.

इथला कायदा थोडक्यात: १९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली तर कळवावंच लागतं. हलक्या धातूची असतील तर दहा. सुटी नाणी लोक आपणहून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये नोंदवतात. मला या नोंदी चाळायचा नादच लागलाय. एखादं अगदी कुरूप नाणं असतं, पण ते कुठल्या शेतात सापडलं हे माहीत असल्यामुळे अभ्यासकाला चकाचक नाण्यापेक्षा जास्त सांगतं. लिलावातल्या कितीतरी सुंदर नाण्यांना हा पत्ताच नसतो.

भूछत्र

मला एक शंका आहे. माझ्याकडे एक रोमन तांब्याचं नाणं आहे (आतेभावानं इटलीहून आणलंय, पावतीसकट). हिरवं झालंय. आई म्हणते चिंच-मीठ लाव, तांब्याच्या घंगाळासारखं लखलखीत होईल. लावू का?

ऱ्हाइनकाठी

नको!!! आईंना सांगा, घंगाळ रोज घासा, नाण्याला हात लावू नका.

यॉर्कशायरी_पुणेकर

@भूछत्र, चिंचेतलं आम्ल तो हिरवा थर काढेल आणि त्याबरोबर उरलीसुरली आकृतीही. झिजलेल्या नाण्यावर बऱ्याचदा बारकावे धातूत उरलेलेच नसतात, थरात असतात. थर गेला की हातात गुळगुळीत चकती.

पण हिरवा म्हणजे कसला हिरवा ते आधी बघा. गर्द, कडक, तकतकीत असेल तर तो पॅटिना, तो तसाच ठेवायचा. फिकट हिरवी भुकटी असेल, टाचणीनं टोचली की सुटत असेल, तर तो ‘ब्राँझ डिसीज’. तांब्यातलं क्लोराइड हवेतल्या ओलीबरोबर काम करत राहतं आणि धातू आतून पोखरतं. अशा वेळी भुकटी लाकडी काडीनं हलकेच काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मग पूर्ण सुकवा आणि बरेच दिवस लक्ष ठेवा. नळाचं पाणी नको, त्यातच क्लोरीन असतं. तुम्ही कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात डबीत सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. बाकीच्या नाण्यांपासून ते वेगळं ठेवा.

भूछत्र

डोंबिवली. पुड्या आणतो. भुकटी नाहीये, कडक आहे. हुश्श.

गोदाकाठ

अवांतर होईल कदाचित, पण घासणं आणि चालू राहणं याबद्दल बोलताय म्हणून. आमच्या नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला होता, १३ हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलाय, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. खाली नहपानाचा चेहरा डोकावतो, त्याच्याभोवती ग्रीक लिपीतला मुद्रालेख. हरलेल्या राजाची नाणी वितळवली नाहीत, त्याच्याच तोंडावर ठसा मारून चालू ठेवली. चांदी तीच, मालक नवा.

रोमनांकडे असलं काही होतं का?

ऱ्हाइनकाठी

@गोदाकाठ, अवांतर कसलं, नेमकं आहे! पुनर्छापित नाणी माझ्या डोक्यातच नव्हती.

होतं तर. तिसऱ्या शतकात गॉलमध्ये (आजचा फ्रान्स आणि आसपास) वेगळी चूल मांडणाऱ्या पोस्ट्युमसनं आपले दुहेरी सेस्टर्शियस जुन्या, झिजलेल्या सेस्टर्शियसवरच छापले. कधी कधी पोस्ट्युमसच्या दाढीखालून शंभर वर्षं जुन्या कुणा सम्राटाची किंवा राणीची रेघ दिसते. आणि छोटे ठसे तर भरपूर. नीरोच्या काळात आधीच्या सम्राटांच्या पितळी नाण्यांवर एन-सी-ए-पी-आर अशी अक्षरं मारलेली मिळतात. जर्मनीतल्या कालक्रीझंला, जिथे इ.स. ९ मध्ये रोमन सेनापती व्हारसच्या तीन लीजन जर्मनांनी कापून काढल्या ती जागा बहुतेक हीच मानतात, तिथे व्हारसच्या नावाचा ठसा मारलेली तांब्याची नाणी सापडलीयेत. त्या वर्षानंतर तो ठसा मारायला व्हारसच उरला नाही, म्हणून जागेचा काळ ठरवायलाही ती कामाला येतात. घासलेल्या नाण्यावर असा ठसा स्वच्छ बसला असेल तर मी बाकी काहीही माफ करतो.

सराफकट्टा

ठशांवरून: डिनारियसवर सराफी खुणाही असतात. चंद्रकोर, ठिपका, एखादं अक्षर. नाणं आतून तांब्याचं आणि वरून चांदीचा पत्रा तर नाही ना, हे तपासायला मारलेल्या. आपल्याकडे मुघल आणि मराठेशाही रुपयांवर सराफांनी मारलेल्या खुणा बघितल्यात ना, तोच प्रकार. माझ्या खापरपणजोबांची पेढी होती, आणि घरात अजून ‘बट्टा किती बसेल’ हा प्रश्न कशालाही विचारतात, भाजीलासुद्धा.

तंजावूरकर

आम्ही तंजावरचे मराठी, सध्या मुक्काम चेन्नई. रोमन नाण्यांचा विषय निघाला की आमच्याकडे ते परदेशी राहत नाहीत. पुदुकोट्टई संस्थानात १८९८ मध्ये ५०१ रोमन सोन्याच्या नाण्यांचा साठा सापडला. बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावरून छिन्नीनं आडवा घाव घातलेला. का, यावर मतं अनेक आहेत. नाणं पुन्हा चलनात जाऊ नये, यापुढे ते नुसतं धातू म्हणून मोजावं यासाठी, असं एक मत. सोनं कापून बघितलं, आत दुसरं काही नाही ना, असं दुसरं. साठा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इथल्या, चेन्नईतल्या एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात दक्षिणेत सापडलेली इतर रोमन नाणी आहेत, इकडे आलात तर वेळ काढून बघा.

डिनारियस म्हणाल तर दक्षिणेत मुख्यतः दोन प्रकार: ऑगस्टसचे, मागे गायस आणि लुसियस ही त्याची दत्तक मुलं ढाली-भाले घेऊन उभी असलेले, आणि टायबेरियसचे, मागे बसलेली स्त्री. दोन्ही नीरोच्या आधीचे. नंतरचे हलके डिनारियस इथे फारच कमी. आमचे व्यापारी चांदीचा कस बघून घेत होते. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो अशी प्लिनीची तक्रार आहे, त्यावरून कुणाचं पारडं जड होतं ते कळतं :)

आणखी एक. मदुराई, करूर, श्रीलंका इथे चौथ्या-पाचव्या शतकातली बारीक तांब्याची रोमन नाणी ढिगानं मिळालीत, नखाएवढी, पार झिजलेली. राजघराण्यांच्या सोन्यापेक्षा मला ती जास्त जवळची वाटतात. बाजारातलं सुटं चलन होतं ते.

भूछत्र

मग भारतात सापडलेलं नाणं विकत घ्यायचं की नाही? एका ओळखीच्यांकडे एक जण ‘नदीतली’ नाणी घेऊन आला होता म्हणे.

तंजावूरकर

अजिबात नको. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं असतं. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. त्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. ‘नदीतली’ म्हणून येणाऱ्यांत नकलीच जास्त, आणि असली असतील तर आणखी वाईट.

सराफकट्टा

नकलीबद्दल बोललात म्हणून माझा खरा मुद्दा मांडतो, जो वर राहून गेला. घासलेल्या नाण्याचा धोका नकलीपेक्षा ‘टूलिंग’चा जास्त आहे. विशेषतः मोठे पितळी सेस्टर्शियस. पंचवीसेक ग्रॅमचं नाणं, ३२-३५ मिलिमीटर व्यास, हेड्रियन किंवा फाउस्टिना, चेहरा छान पण केस गेलेले. कुणीतरी बारीक छिन्नीनं केस पुन्हा कोरतो, मुद्रालेखाभोवतीची जमीन खरवडून अक्षरं उचलतो, वर कृत्रिम पॅटिना चढवतो आणि तिप्पट भावानं विकतो. नाणं अस्सल, छाप बनावट.

ओळखायचं कसं? भिंग घ्या आणि दिवा तिरपा धरा. अस्सल साच्यातून आलेली केसांची रेघ कडेला मऊ असते, कोरलेली धारदार असते आणि तिचा तळ चिरीसारखा निमुळता. चेहरा फाइन दर्जाचा (बराच झिजलेला) आणि केस मात्र एक्स्ट्रीमली फाइन (जवळजवळ कोरे) असतील तर हात आखडा, कारण झीज केस सोडून गाल खात नाही. अक्षरांच्या आसपासची जमीन बाकीच्यापेक्षा खोल वाटली तरी तेच. ऱ्हाइनकाठी, तुमच्या बाजूनं एक गोष्ट यातूनच निघते, ती कबूल करतो: प्रामाणिकपणे घासलेलं दिसणारं नाणं या भानगडीत सापडत नाही. गुळगुळीत केस ठेवून विकणाऱ्यानं काही लपवलेलं नसतं.

ऱ्हाइनकाठी

हे वाक्य मी फ्रेम करून लावणार.

चिंचपेटी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. काका जिनिव्हाला होते, त्यांच्या सामानात एक नाणं मिळालं. तांब्याचं, जेमतेम १६ मिमी, घासलेलं पण गोड. एका बाजूला डोकं उजवीकडे बघणारं. दुसऱ्या बाजूला दोन माणसं भाले घेऊन समोरासमोर आणि मध्ये एक काठी, वर काहीतरी चौकोनी. खाली अक्षरं एस, एम, के, ए. काय आहे हे? किंमत नकोय, विकायचं नाहीये.

यॉर्कशायरी_पुणेकर

‘ग्लोरिया एक्झर्सिटस’! म्हणजे सैन्याचा गौरव. दोन शिपाई आणि मध्ये पलटणीचा ध्वज. इथल्या शेतांतही भरपूर मिळतात, पण बहुतेक जर्मनीतल्या ट्रियरच्या टांकसाळीचे. के वाचता येतोय हे छान, टांकसाळ कळली.

ऱ्हाइनकाठी

@चिंचपेटी, एस-एम-के म्हणजे सिझिकस. आजच्या तुर्कस्तानात, मार्मारा समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर. शेवटचा ए म्हणजे टांकसाळीतला पहिला विभाग. आधी या प्रकारात दोन ध्वज असत. ३३५ च्या सुमाराला नाणं लहान झालं आणि एकच ध्वज उरला. म्हणजे तुमचं ३३५ नंतरचं.

आता चेहरा कुणाचा? कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांची नावं इतकी सारखी की घासलेल्या नाण्यावर डोकं धरायची वेळ येते. दोन गोष्टी बघा. डोक्यावर पानांचा मुकुट आहे की पट्टी? पट्टी असेल तर मागे मुंडावळ्यांसारखी दोन टोकं मानेवर लोंबतात. बाप सम्राट म्हणून पट्टी बांधतो, मुलं युवराज असताना बहुधा पानं घालतात. आणि मुद्रालेख सुरुवातीपासून वाचू नका, शेवटून वाचा. शेवटची चार-पाच अक्षरं मिळाली तरी पुरे. खोलीत अंधार करून टॉर्च नाण्याच्या काठाला समांतर धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. एका कोनात दिसत नाहीत ती अक्षरं दुसऱ्यात दिसतात.

चिंचपेटी

टॉर्चची युक्ती कमाल आहे! मुंडावळ्या आहेत, दोन्ही टोकं दिसतायत. शेवटी ए, यू किंवा व्ही, जी. त्याच्या आधी एम, ए आणि बहुतेक एक्स. त्याआधीचं काही वाचता येत नाही.

ऱ्हाइनकाठी

मॅक्स ऑग, म्हणजे ‘मॅक्सिमस ऑगस्टस’, थोर सम्राट. मग जवळजवळ नक्की थोरला कॉन्स्टंटाइन. तो मे ३३७ मध्ये वारला, म्हणजे तुमचं नाणं ३३५ ते ३३७ या दोन-अडीच वर्षांतलं.

काकांनी ते प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवलं असेल तर आजच बाहेर काढा. पीव्हीसीचं पाकीट काही वर्षांनी चिकट हिरवं पाणी सोडतं. मायलारचं घ्या किंवा साधा कागदी लखोटा चालेल. आणि काकांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, दुकानाची पावती असं काही सामानात असेल तर फेकू नका, नाण्यासोबत ठेवा.

चिंचपेटी

चिठ्ठी आहे! फ्रेंचमध्ये आहे, उद्या टाइप करून टाकते इथे.